बारा एकोणीसला वाजलेला 'एक'

आधीच एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला शिकवायला येणार नाही. माझा असल्या प्रकारांवर काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरात भूत, करणी, अंगारा-धुपारा या शब्दांनाच जागा नाही. पणजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. लहानपणी शेजारच्या काकूंनी एकदा माझी दृष्ट काढली, तर मायने ती मीठ-मोहरी गोळा करून वाटीत घातली आणि "भाजीत टाका, वाया काहून घालवता" म्हणून त्यांना परत दिली! अशा घरातली मी. वर बीसीए. म्हणजे दुप्पट अविश्वासू.

तरी हे लिहायला बसले आहे. कारण जे झालं ते माझ्याच हातच्या प्रोग्राममधून झालं, आणि त्याची नोंद अजून माझ्याकडे आहे...

माझं नाव प्रज्ञा. मी पांढरकवड्याची. गावाबाहेर, हायवेला लागून एक जिनिंग आहे, नाव सांगत नाही. शेतकऱ्यांचा कापूस तिथे येतो, रेच्यांमधून, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांमधून निघतो, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे होते. सीझनमध्ये दिवसभर तो घरघराट, हवेत कापसाचे तंतू, केसांवर पांढरं. मी तिथल्या ऑफिसात कम्प्युटर ऑपरेटर. माझी माय, पंचफुला, त्याच जिनिंगच्या शेडमध्ये कामाला. ती रेच्यांपुढे कापूस पुरवते, त्यातला कचरा-काडी वेचते. तिच्यासोबत अजून बावीस बाया. मी खुर्चीवर, माय शेडमध्ये — याची मला लाज होती का अभिमान, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

शेडमध्ये काम सुरू-बंद व्हायचं ते सायरनवर. सकाळी आठ, दुपारी एकला जेवणाची सुट्टी, दोनला परत, संध्याकाळी सहा. सायरनचं बटण वॉचमन लक्ष्मणकाकांकडे. काका माणूस चांगला, पण एक वाजता नेमका गेटवर ट्रॅक्टर यायचा आणि काका त्यात अडकायचे. मग सायरन एक दहाला, कधी एक वीसला. दोनचा मात्र टायमावर! कारण तेव्हा मॅनेजर गावंडे साहेब स्वतः घड्याळ बघत उभे राहायचे.

एक दिवस माय घरी चिडून आली. "तुह्या कम्प्युटरले टाइम समजते ना? मंग त्यालेच सांग ना सायरन वाजवाले. त्याच्या गेटवर कोनाचा ट्रॅक्टर येत नाई."

मी हसले. पण रात्रभर डोक्यात तेच! काम अगदी सोपं होतं. एक छोटं सर्किट मागवलं, ते कम्प्युटरला जोडलं, पुढे सायरन. आणि पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम.

ज्यांना कोडिंग येत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं थांबते, कारण सगळी गंमत इथेच आहे. कम्प्युटरला आपल्यासारखं "सव्वाबारा झाले" हे माहीत नसतं. तो आत फक्त सेकंद मोजत असतो, एका ठरलेल्या दिवसापासून आजपर्यंतचे. अब्जावधीचा एक लांबलचक आकडा. आपण प्रोग्राममध्ये एक ओळ लिहितो, 'डेटटाइम डॉट नाऊ', म्हणजे "आत्ता किती वाजले?" की तो त्या आकड्याचं वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद करून देतो. सेकंदाच्या पुढेसुद्धा सहा आकडे असतात — सेकंदाचा दहा लाखावा भाग! शाळेत सरांना टाइम विचारावा तसा माझा प्रोग्राम दर अर्ध्या मिनिटाला कम्प्युटरला विचारायचा, उत्तर एका फाइलमध्ये जसंच्या तसं लिहून ठेवायचा, आणि उत्तरात एक वाजलेला दिसला की सायरन चालू. दहा सेकंद वाजवून बंद. एकदा वाजला की त्या दिवसापुरता तो टाइम झाला, पुन्हा नाही.

बस, एवढंच. ना इंटरनेटवरचं काही, ना कुणाचं रिमोट.

दिवाळीनंतर सीझन सुरू झाला तेव्हा बसवलं. जिनिंगचे मालक शेठजी खूश, बाया त्याहून खूश. लक्ष्मणकाका तेवढे आठवडाभर रुसले होते. रोज एक वाजता मनगटावरचं घड्याळ बघत सायरनखाली उभे राहायचे, चूक पकडायला. एकदाही पकडता आली नाही. शेवटी म्हणाले, "पोरी, तुहा डब्बा माह्या घड्याळापेक्षा पक्का हाये." तीन महिने तो असा पक्का चालला.

आता तो दिवस. फेब्रुवारीचा शेवट, आमच्याकडे तेव्हाच ऊन चटके द्यायला लागतं. मी ऑफिसात कम्प्युटरसमोर बसून गेटपासच्या एंट्र्या करत होते. खोलीत मी एकटी. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर सगळ्यांनी हेच विचारलं. कीबोर्डवर माझेच हात होते.

आणि सायरन वाजला.

मी सवयीने डबा काढायला खाली वाकले... आणि थांबले. भूकच लागली नव्हती! स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. बारा एकोणीस. मोबाइल बघितला. बारा एकोणीस. वर सायरन बोंबलतोच आहे.

दहा सेकंदांनी बंद झाला. शेडमधले रेचे एकेक करत थांबले. फिटरने रेच्यांचं स्विच बंद केलं असणार, कारण तो घरघराट खाली खाली जात एकदम शांत झाला. मग बायांचे आवाज. हसत, पदर झटकत सगळ्या बाहेर आल्या आणि पटांगणातल्या कडुनिंबाखाली बसल्या. त्यांच्याकडे कुठे घड्याळ! सायरन वाजला म्हणजे एक वाजला.

गावंडे साहेब धावत ऑफिसात. "काय करून ठेवलं व हे? बारा वीसले सुट्टी?"

"साहेब, मी काहीच केलं नाही..."

"मंग कोनं केलं? भुतानं?"

मी प्रोग्राम तपासला. चालू होता, टाइम बरोबर दाखवत होता. बारा एकवीस. कुठे एरर नाही. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. तीन महिने कौतुक झालं होतं, आणि आता सगळ्या जिनिंगसमोर माझाच प्रोग्राम तोंडावर पडला होता.

साहेब बाहेर गेले, मी मागोमाग. त्यांनी झाडाखाली जाऊन टाळ्या वाजवल्या. "उठा, उठा! सायरन चुकून वाजला. आताशी बारा वीस झाले. चला आत."

कुणी हललं नाही. डबे उघडलेले, भाकरी हातात. माझी माय म्हणाली, "साहेब, सायरन तुमचाच हाये ना? आमी कुस्करली भाकर. अर्ध्या जेवनावरून उठवता काय?"

"एक वाजता जेवा ना व!"

"मंग एक वाजता आमी काम करू. आता जेवतो, एकले आत जातो. तुमचंही बराबर, आमचंही बराबर."

बाया हसल्या. साहेबांचा चेहरा लाल. ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मायले सांग. शेठजींचा फोन येऊन राह्यला मले. तुह्या प्रोग्रामापायी भर कामाच्या टायमाले मशीन बंद हाये हे त्याहिले कोन सांगनार, मी का तू?"

 मी मायजवळ गेले, खाली बसले आणि म्हटलं, "माय, जा ना आत. तू उठली की सगळ्या उठतील. माह्या नोकरीचा सवाल हाये."

माय रागावली नाही. तोंडातला घास संपवला, भाकर फडक्यात बांधली आणि म्हणाली, "बरं बाई. तुह्यासाठी." मग बाकीच्यांना, "चला व, पोरीच्या पोटावर पाय नको."

कुरकुरत एकेक उठल्या. माय नळावर हात धुवायला गेली. तिची सवय आहे, खरकट्या हातानं कापसाला हात लावायचा नाही. हात धुतले, चूळ भरली, पदराला हात पुसत ती शेडकडे निघाली. सगळ्यांच्या पुढे तीच.

शेडचं दार म्हणजे एकच मोठं दार. आत शिरल्यावर डाव्या हाताला कापसाची गंजी, छताला टेकेल एवढी. त्या गंजीला वळसा घालून मागे गेलं की रेच्यांची रांग. बाया तिथे मागे काम करतात. यायला-जायला हाच रस्ता, दुसरा नाही.

माय दारापासून दहा पावलांवर असेल. गेटकडून लक्ष्मणकाका ओरडले, "थांबा! ओऽ पंचफुलाबाई, थांबाऽ! धूर हाये!"

मला तर काही दिसलं नाही. मायलाही नाही. ती थांबून काकांकडे वळून बघत होती. मग उघड्या दाराच्या वरच्या बाजूने पिवळसर धूर निघताना दिसला, चुलीतल्या ओल्या काडीसारखा, आळशी... आणि दुसऱ्या क्षणी आत 'भप्प' असा आवाज!

कापसाची आग ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. ती लाकडासारखी पेटत नाही हो, ती धावते! पांढऱ्या गंजीवरून निळसर ज्वाला पाण्यासारखी पसरली. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती छतापर्यंत गेली होती. दारातून जो झोत बाहेर आला त्याने मायच्या पदराची कड करपली. काकांनी येऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं.

मग नुसता आरडाओरडा. कुणी मेन वीज तोडली, कुणी बोअरवेलचा पाइप आणला, गावंडे साहेब फायर ब्रिगेडला फोन करता करता पत्ता विसरले. मी मात्र बाया मोजत होते. एक, दोन, तीन... तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीस. फिटर आणि हमाल मिळून चार माणसं, तीही बाहेर. तिसऱ्यांदा मोजताना रडायला आलं, पण आकडा तोच आला. तेवीस आणि चार. आत कुणी म्हणजे कुणीच नव्हतं!

माझ्या मोबाइलवर गावंडे साहेबांना लावलेला एक कॉल आहे. गोंधळात तेही माझ्यापासून वीस फुटांवर उभे आहेत हे मला कळलं नव्हतं. त्यावरची वेळ बारा एकतीस.

एक वाजायला अजून एकोणतीस मिनिटं होती. एरवी ती एकोणतीस मिनिटं माझी माय त्या गंजीच्या मागे उभी असती.

पत्र्याचं छत संध्याकाळपर्यंत वाकून खाली आलं. नंतर बघायला आलेल्या माणसांनी सांगितलं की कापसासोबत एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला असणार. ठिणगी पडली, ती गंजीत आतल्या आत धुमसत राहिली आणि मग एकदम वर आली. जिनिंगला असं होतं, नवीन नाही. म्हणजे आगीचं कारण सापडलं. ते मला पटलंही.

पण सायरनचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं. ते पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, त्याला काही झालं नव्हतं. सोबत गावंडे साहेब आणि लक्ष्मणकाका. साहेबांना काकांवर संशय होता, जुनं बटण अजून गेटजवळ होतं ना. काका चिडून म्हणाले, "त्या बटनाचं वायर मीच तोडून माह्या घरी नेलं साहेब, कपडे वाळू घालाले! चला दाखवतो." बटण बघितलं, खरंच वायर नव्हतं.

मग मी प्रोग्रामची फाइल उघडली. कम्प्युटरने दिलेली सगळी उत्तरं तिथे एकाखाली एक.

बारा अठरा, सेकंद सत्तेचाळीस, पुढे सहा आकडे.

त्याच्या खालची ओळ... तेरा, शून्य, शून्य. म्हणजे दुपारचा एक.

त्याच्या खालची ओळ, बारा एकोणीस, सेकंद सत्तावन्न, पुढे सहा आकडे.

मी खुर्चीवरून उठलेच! वर बरोबर, खाली बरोबर, मधलं एकच उत्तर चूक. म्हणजे घड्याळ बिघडलं नव्हतं. तीन महिन्यांत लाखो वेळा मी विचारलं होतं, "किती वाजले?" आणि लाखो वेळा त्याने खरं सांगितलं होतं. फक्त एकदा म्हणाला — "एक वाजला."

त्याहून पुढची गोष्ट मला तासाभराने दिसली. ती मधली ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड होती! पायथनमध्ये सेकंदापुढचे सहाच्या सहा आकडे शून्य असतील तर तो ते छापतच नाही. म्हणजे ते उत्तर होतं बरोब्बर एक वाजल्याचं, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत अचूक. त्या फाइलमध्ये दुसरी अशी आखूड ओळ मी शोधली. वरपासून खालपर्यंत एकही नाही. आणि तारीख? तीही त्याच दिवसाची. तो आतला अब्जावधीचा आकडा जर कुठेतरी हुकला असता, तर उत्तर काहीही आलं असतं. मागचं वर्ष, पुढचा महिना, पहाटेचे चार. दिवसातून फक्त चार वेळांना सायरन वाजतो, आणि तो हुकून नेमका त्यातल्याच एकीवर पडला, तेही जेवणाच्या!

मी सगळं तपासलं. टाइमझोनची गडबड असती तर फरक साडेपाच तासांचा पडला असता, एक्केचाळीस मिनिटांचा नाही. कम्प्युटरमधल्या घड्याळाचा सेल नवा होता. सिस्टिमच्या नोंदीत कुणी घड्याळ बदलल्याचं काही नाही. जिनिंग बंदच होती, म्हणून तोच कम्प्युटर घरी आणला आणि वीस दिवस नुसता टाइम विचारत ठेवला, सेकंदाला दहा वेळा. एकही उत्तर चुकलं नाही.

शेवटी यवतमाळला माझ्या कॉलेजच्या सरांकडे गेले. सर आधी हसले. मग फाइल बघून चष्मा काढला. डिस्कची कॉपी ठेवून घेतली आणि तीन आठवड्यांनी फोन केला. "प्रज्ञा, मला काही सापडलं नाही. मी असतो तर 'कारण अज्ञात' लिहिलं असतं आणि पुढच्या कामाला लागलो असतो."

इकडे गावात वेगळंच. दोन-तीन बाया हार-नारळ घेऊन घरी आल्या, कम्प्युटरची पूजा करायला! मायने दारातच अडवलं. "यंत्रापुढे नारळ कायले फोडता? आना इकडं, चटणी करतो." आणि खरंच केली. सगळ्यांनी खाल्ली.

त्या गेल्यावर मी मायला विचारलं, "तुले काय वाटते मग? कोनं वाजवला?"

ती विळी धूत होती. म्हणाली, "मले नाई मालूम. भूत नाई, देव नाई, येवढं मालूम हाये." मग विळी पुसून ठेवत, "पन मी उठलो होतो ना व, तू सांगतलं म्हनून. तवा मले वाटलं होतं, आज नाई जावं आत. ते कोनं वाटवलं, तेबी मले नाई मालूम."

 तिला "जा" म्हणणारी मीच होते. तिने ते पुन्हा कधी काढलं नाही.

नवीन शेड आता उभी राहिली आहे. शेठजींनी दोन्ही बाजूंना दारं ठेवलीत, हे बाकी चांगलं झालं. येत्या सीझनसाठी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "प्रोग्राम ठेव, पन त्यातली चूक काढ. असं पुन्हा नाई झालं पाह्यजे."

सरांनीही तेच सुचवलं होतं. उपाय तीन ओळींचा आहे. आधीच्या उत्तरापासून वेळ एकदम फार पुढे उडालेली दिसली, तर ते उत्तर खोटं समजायचं, टाकून द्यायचं आणि पुन्हा विचारायचं. कोणताही शहाणा प्रोग्रामर हेच करेल. मीही त्या तीन ओळी लिहिल्या. टेस्ट केल्या. उत्तम चालतात. त्या असत्या तर त्या दिवशी सायरन वाजलाच नसता.

मग सेव्ह करायच्या आधी त्या दिवसाची फाइल पुन्हा एकदा उघडली.

मला आजही काही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर खरंच सांगा, मी ती नोंदींची फाइल पाठवते, तुम्ही तपासा. माझा अजूनही भुतांवर विश्वास नाही. पण शेठजींना मी सांगितलं आहे की दुरुस्ती झाली.

झालेली नाही. त्या तीन ओळी मी पुसून टाकल्या.